सहावा पेटत नाही

आम्ही सहा भाऊ, आणि मळ्यातल्या इंजिनाला सिलिंडरही सहाच. हे अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, ध्यानात आलं नसतं तर माझं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं.

इंजिन मूळचं एका जुन्या लॉरीचं. लॉरी भंगारात गेली, पण इंजिन अप्पांनी हळ्ळीखेडजवळच्या आमच्या विहिरीवर आणून पंपाला जोडलं. त्याला मरण ठाऊक नव्हतं. एका पावसाळ्यात ओढा फुगून ते आठवडाभर पाण्याखाली राहिलं. अण्णानं, म्हणजे थोरल्या भावानं, आतलं पाणी काढलं, ऑइल बदललं, आणि ते धूर ओकत पुन्हा उसाला पाणी द्यायला लागलं.

फक्त एक सिलिंडर पेटत नव्हता. अप्पांनी पंपाच्या बाजूनं मोजत प्रत्येकावर चुन्यानं आकडे घातले होते. पहिला अण्णाचा, सहावा माझा. मेलेला नेमका सहावा.

"पाच ओढतेत, सहावं नुसतंच संगं फिरायलंय," असं ते येईल त्याला सांगत. सगळ्यात मोठ्यानं अण्णा हसायचा. मी आळशी नव्हतो असं नाही. दुपारी बाभळीखाली माझा डोळा लागे. पण डोळा अण्णाचाही लागे, आणि त्याला कुणी काही बोलत नसे. दुरुस्तीचं नाव काढलं की अण्णा म्हणे, "पाचावर चालतंय की! कामून खोलायचं?" अशी अकरा वर्षं गेली.

या विनोदापायी दोन स्थळं हसत हसत उठून गेली. तिसरं चिटगुप्प्याचं. मुलगी मला इतकी आवडली होती की मी अप्पांच्या अक्षरशः पाया पडलो, "एवढ्या बारीला इंजिनाचं काढू नका." पण मुलीच्या वडिलांनी तरुणपणी लॉरी चालवलेली. मला बघण्याआधी ते इंजिन बघायला गेले, आणि अप्पांना राहवलं नाही.

"हे सहावं, ह्या पोराचं. अकरा वर्सं झाली, पेटत न्हाई."

मला विहीर जवळ वाटली.

पाहुण्यांनी पाना मागितला. चालू इंजिनावर एकेका सिलिंडरच्या डिझेलनळीचा नट ढिला करून ते आवाज ऐकत गेले. पेटता सिलिंडर असा तोडला की आवाज पडायचा; शेवटच्याला, सहाव्याला, तो तसूभर बदलला नाही. "मेलाय खरा," ते म्हणाले. मग चुन्याच्या आकड्यांकडे बघून म्हणाले, "पण पावणं, तुमी कुठनं मोजलाव?"

"पंपाकडनं."

"पंख्याकडनं मोजतेत! हा सहावा न्हाई, पैला हाय. तुमचा सहावा तर त्या टोकाला झ्याक पेटायलाय."

सगळ्यांनी अण्णाकडे पाहिलं. अण्णा उसाकडे बघत होता.

अप्पा घाईघाईनं म्हणाले, "आवो, ती आपली गंमत. थोरल्याच्या जिवावर तर घर चालतंय."

"व्हय, गंमतच," पाहुणे हात पुसत म्हणाले. "इंजिन बघून कोण पोरगी देतंय? पर दुसऱ्याचं खापर अकरा वर्सं डोक्यावर घेऊन गप बसलेला गडी माझ्या पोरीचं बोलणं बी ऐकून घील."

सुपारी तिथंच, विहिरीच्या कठड्यावर फुटली. माझे डोळे भरून आले ते मी धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो तर इंजिन बंद होतं. अण्णा चहासुद्धा न घेता, मेलेल्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल फडक्यात गुंडाळून, पहिल्या गाडीनं हुमनाबादला दुरुस्तीला गेला होता.