मेहुण्यांच्या चार ओळी

आमच्या मेहुण्यांच्या आसपास एखादी गोष्ट नुसती घडून जाणं शक्यच नसतं. घडली, की ती लिहावी लागते. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ हिंगोलीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवतात, म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक पुन्हा नव्याने. पोरांना नोकऱ्या लागाव्यात म्हणून कॉलेजने एक तास त्यांच्याकडे सोपवला. मेहुण्यांनी टाय कसा बांधावा वगैरे शिकवायचं सोडून त्या तासाला एकच गोष्ट लावली: आठवड्यात जे घडलं त्यावर चार ओळी लिहायच्या. काय झालं, आपण काय केलं, कुठे चुकलं, पुन्हा वेळ आली तर काय करू.

ही सवय कॉलेजच्या फाटकाच्या आत राहिली असती तर ठीक होतं. पण आखाडा बाळापूरला एका लग्नात वरण कमी पडलं, यजमान हातपाय गाळून बसले, आणि ह्यांनी आचाऱ्यापुढे पाठकोरा कागद धरला. "लिहून काढा महाराज, काय चुकलं ते." आचारी म्हणाला, "चुकलं काय सर, तुमचं वऱ्हाडच लई आलं." मेहुण्यांना ते इतकं पटलं, की त्यांनी स्वतःच ते टिपून घेतलं. औंढ्याच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल घसरली तेव्हा पट्टी बांधायच्या आधी त्यांनी विचारलं, "दाजी, ब्रेक कोणता दाबला होता?" मी कण्हत म्हणालो, "पुढचा." "बराबर. आजच लिहा, उद्या इसरताल." मी लिहिलं. तेव्हापासून पुढचा ब्रेक जपून दाबतो, हेही खरं.

त्यांच्या वर्गात तांड्यावरची अनिता नावाची पोरगी होती. ती दर आठवड्याला एकच लिही: 'विशेष काही नाही. हळद काढायला गेले.' शेवटी मेहुण्यांनी तिला थांबवून विचारलं, "कोनासंगं गेलतीस?"

"तांड्यावरच्या बाया. मीच नेते त्यायला."

"तूच काहून?"

"दुसऱ्या कोनाचं ऐकत न्हाईत, सर. दोघी जावा भांडल्या की काम बंद पडते. मंग एकीला ह्या टोकाला लावते, एकीला त्या."

मेहुणे खुर्चीतून उठलेच. "आन हे विशेष न्हाई?"

तिनं लिहून आणलं, 'मी भांडण मिटवलं.' 'कुठे चुकलं' ही ओळच नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. पुन्हा आणलं, पुन्हा परत. मग तिनं भांडण मिटलं नाही त्या दिवसाबद्दल लिहिलं. ती सगळ्यांसमोर थोरल्या जावेवर ओरडली, बाई रुसून घरी गेली, आणि संध्याकाळी अनिताला तिच्या दारात जाऊन बसावं लागलं. 'चारचौघांत बोलायला नको होतं, आधी ऐकून घ्यायला हवं होतं.' मेहुणे हा कागद वाचून दाखवायला आमच्या घरी आले, आणि वाचता वाचता दोनदा चष्मा पुसला.

उन्हाळ्यात नांदेडच्या एका कारखान्याची माणसं मुलाखती घ्यायला आली. तुमच्या हातून काय चुकलं ते सांगा, म्हणाली. अनितानं थोरल्या जावेची गोष्ट सांगितली. पॅकिंगच्या बायकांवर देखरेखीसाठी तिला घेतलं.

त्याच महिन्यात मेहुण्यांची दुसऱ्या एका कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत झाली. त्यांनाही तेच विचारलं. ते म्हणाले, "सुरवातीची कैक वर्षं मी नुसता बोलत राहिलो, पोरांचं ऐकलंच नाही." समितीतली मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. जागा दुसऱ्याला मिळाली.

मी चिडलो. "थोडं फिरवून सांगायचं की!"

"पोरायला काय तोंड दाखवलं असतं, दाजी?" एवढंच म्हणाले आणि उठून आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली गेले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनिता होती, नोकरीचा पहिला आठवडा संपला होता. पलीकडून तिनं काय विचारलं ते मला त्यांच्या उत्तरावरून कळलं. "माझं काय, चालू हाय बाई. तू तुझं सांग." मग ती सांगत राहिली आणि हे लिंबाखाली उभं राहून ऐकत राहिले, मधूनच "व्हय", मधूनच "मंग?" बायको त्यांना जेवायला हाक मारणार होती. मी तिला खुणेनंच थांबवलं.