भिंतीपल्याडचा चहा

घर घ्यायच्या आधी तपासायला येणाऱ्यांचे किस्से माझ्याकडं इतके साचलेत की माळ्यावर जागा उरली नाय! न सांगून करतो काय?

औरंगपुऱ्यातलं हे जुनं घर मालकाच्या बापानं पोलिस ॲक्शननंतर, निजाम गेल्यावर, खोली-खोली करून भाड्यानं दिलं. एका खोलीत मी, शेजारी सलीम टेलर. मधी एकच भिंत. चहा उतरला की सलीम भिंतीवर कैची दोनदा ठोकायचा. मी चपला घालायचो. माझी बायको गेल्यावर तर रोज सकाळी तेच.

मग मालकानं घर विकायला काढलं.

पहिलं गिऱ्हाईक, एक जोडपं, यायच्या आधी आम्ही भिंतीवर बादलीभर पाणी ओतलं. सायेब हात लावून म्हणाले, "ओल दिसते." सलीम म्हणाला, "ओल नय साब, रोती है दीवार!" बाईसाहेब जिन्यावरून पळाल्या ते थेट रिक्षात!

दुसऱ्यानं इंजिनिअर आणला. त्यो भिंत बघून खूश. "हातभर जाड! आता कोण बांधतं अशी?" सलीमनं हात जोडले, "तारीफ जरा कम करो साब, हमको रहना है इधर!"

तिसरा तुळया बघितल्यासारखा आम्हालाच वर-खाली बघायला लागला. मी म्हटलं, "आमचं बी प्लास्टर तपासून घ्या!" सलीमनं माझ्या छातीवर टकटक केलं. "अंदर से खाली है, साब. मत लेव!"

एकानं वास्तूवाला आणला. डोळे मिटून म्हणाला, "ह्या घरात कुणीतरी अडून बसलंय."

आम्ही दोघांनी हात वर केले!

हसत होतो तवर बरं होतं. औंदा थंडीत सलीम गेला. मशीन त्याची पोरगी घेऊन गेली, खोलीला मालकानं कुलूप घातलं. लई गपगार झालं घर.

परवा नवं गिऱ्हाईक आलं. ह्या वक्ताला मी पाणी ओतलं नाय. कुणासंगं ओतू? मी आपला खाटंवर बसलेलो.

"दोन खोल्यांचा एक हॉल करायचाय. ही मधली भिंत काढता येईल का?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"पलीकडून बघतो," म्हणून त्याचा इंजिनिअर मालकाच्या किल्लीनं कुलूप काढून सलीमच्या खोलीत गेला.

अन् भिंतीवर दोनदा ठोकलं.

"आलो रे! साखर कमी टाक!" मी वरडलो, अन् खाटंखाली पायानं चपला शोधायला लागलो.