जर्मनीत गांजाचं दुकान काढायला निघालेला मंदार

"मॅडम, सोमवारी मी राजीनामा देतोय. लायसन्स कधीपर्यंत हातात पडेल?"

ड्युसेलडॉर्फच्या आमच्या ऑफिसात मंदार समोर लॅपटॉप उघडून बसला होता. शेजारी बायको, केतकी. मंदार सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड, मूळचा पुण्याचा. जर्मनीत गांजा कायदेशीर झाला, एवढी बातमी वाचून त्याने नोकरी सोडून दुकान काढायचं ठरवलं होतं. औषध कंपन्यांना परवाने मिळवून देणं हे माझं काम. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

"कुठलं लायसन्स?" मी विचारलं.

"रिटेल. अमेरिकेतले सगळे प्रकार मी पाठ केलेत. लागवडीचं, प्रोसेसिंगचं, होम डिलिव्हरीचं."

"छान. हा जर्मनी आहे. इथे रिटेलचं लायसन्स नाही."

"म्हणजे अजून सुरू झालं नाही?"

"म्हणजे नाहीच. घरी तीन झाडं लावा, स्वतःपुरती. शेजाऱ्याला विकलंत तर गुन्हा."

मंदार खचला नाही. त्याने क्लबबद्दलही वाचलं होतं. इथे लागवडीचे क्लब असतात. सरकारची परवानगी घेऊन सदस्यांनी मिळून पिकवायचं, सदस्यांनीच न्यायचं. नफा नाही, जाहिरात नाही, आणि क्लबात बसून ओढायचंही नाही.

"मग यात बिझनेस मॉडेल काय?"

"काहीच नाही. म्हणून तर परवानगी मिळते."

तेवढ्यात माझे बॉस, हेर फोग्ट, कॉफी घेऊन डोकावले. "आल्झो, तर मग हे दुकानवाले का?" त्यांनी मला विचारलं. "दुकानात गांजा हॉलंडला मिळतो. तिकडची ट्रेन कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटते ते सांगितलंस ना?" आणि गेले.

राहिला औषधी गांजा. परदेशातून आणून फार्मसींना विकायचा. यात खरोखर धंदा आहे. पण घाऊक औषधविक्रीचा परवाना लागतो, आयातीचा वेगळा लागतो, चोरी होणार नाही असं गोदाम लागतं आणि औषधांची जबाबदारी घेणारा जाणकार माणूस लागतो.

"माणूस आहे," मंदार खुलला. "माझा चुलतभाऊ. बी.फार्म. आहे."

"कुठे असतो?"

"नाशिकला. पण व्हिडिओ कॉलवर कधीही असतो."

मंदार अजिबात चेष्टा करत नव्हता.

"तुम्ही ब्लू कार्डवर आहात?" मी विचारलं. "ते नोकरीमुळे मिळालंय. राजीनामा दिलात की परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवावं लागेल. ते तुमची इथे राहायची मुदत कमी करू शकतात."

मंदारने लॅपटॉप हळूच मिटला. केतकी त्याच्याकडे वळली.

"मंदार, हे तुला माहीत होतं?"

"बघणार होतो."

"मुलांची शाळा चालू आहे. बाबांना तू आयुर्वेदिक स्टार्टअप म्हणून सांगितलंस. आणि व्हिसाचं तू बघणार होतास?"

गांजाच्या हिरव्या पानांचा टी-शर्ट घालून आलेला माणूस इतका केविलवाणा दिसू शकतो, हे मी प्रथमच पाहिलं.

मग केतकी माझ्याकडे वळली. "लोकांना घरी झाडं लावायची परवानगी आहे ना? मग कुंड्या, माती, दिवे विकायला काय लागतं?"

"गेवेर्बेअनमेल्डुंग. म्हणजे धंद्याची शहराच्या ऑफिसात साधी नोंदणी."

"मी करू शकते?"

तिचा व्हिसा मी पाहिला. नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोला इथे नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. "करू शकता. लगेच."

सोमवारी मंदार मुकाट्याने कामावर गेला. केतकीने काही महिन्यांत दुकान काढलं. चांगलं चालतं. गिऱ्हाईक बहुतेक निवृत्त जर्मन म्हातारे, आणि त्यातले निम्मे टोमॅटोसाठी माती नेतात. शनिवारी पोती उचलायला मंदार असतो. ऑनलाइन प्रोफाइलवर मात्र तो अजून स्वतःला 'कॅनाबिस फाउंडर' म्हणवतो. त्याला लायसन्स लागत नाही.

हल्ली गांजाच्या लायसन्ससाठी कोणी आलं, की मी आधी कुठल्या देशाचे नियम वाचलेत ते विचारते. बऱ्याच जणांना तिथेच कॉफी पाजून वाटेला लावता येतं.