पिवळ्या शर्टातला आबा

माझी नात पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा तिला एकूण सात शब्द येत होते आणि त्यांतला एकही माझ्या कामाचा नव्हता. आई, बाबा, भूभू, पाण्याला 'पापा', नको, गेला, आणि काका. शेवटचा शब्द ती जगातल्या समस्त पुरुषांना सढळ हाताने वाटायची. उन्हाळ्यात लेक तिला घेऊन पुण्याहून आली. नांदेडच्या फलाटावर मी हात पसरून असा धावत गेलो की बघणाऱ्यांनी वाट मोकळी करून दिली. नातीने एकदा हमालाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोघांनाही 'काका' म्हणून ती मोकळी झाली. हमालाला फार आनंद झाला.

मला 'आबा' व्हायचं होतं. आमच्याकडे आजोबाला आबा म्हणतात. पण या पदाला एक प्रतिस्पर्धी होता. माझे व्याही लातूरचे, लेकीचे सासरे. आडतीचा व्यापार, चाकूरजवळ शेत, शेताच्या कडेला केशर आंब्याची बाग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्यांच्याकडे आजोबाला अप्पा म्हणतात. गेले सहा महिने रोज संध्याकाळी सात वाजता माझा व्हिडिओ कॉल आणि साडेसातला त्यांचा, अशी पोरीची शिकवणी चालू होती. मी स्क्रीनला नाक लावून 'आ-बा, आ-बा' करायचो. ती 'नको' म्हणायची. तिकडे 'अप-पा'लाही तेच उत्तर मिळत होतं, ही माझी आतली बातमी होती, आणि त्यावरच मी तग धरून होतो.

लेकीच्या दहा दिवसांच्या सुट्टीतले दोन आमच्याकडच्या लग्नात गेले. उरले आठ. ते नांदेडला की लातूरला, यावर दोन्हीकडून इतके फोन झाले की लेक वैतागली. नांदेड-लातूर रस्त्यावर, दोन्ही गावांना सारखीच लांब पडेल अशी एक करमणुकीची बाग आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, झुकझुक गाडी, सिमेंटचे हत्ती. तिथे एक दिवस सगळ्यांनी भेटायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी लेकीने दोन्ही आजोबांना एकाच कॉलवर घेतलं आणि निकाल दिला.

"उद्या दिवसभरात ही ज्याला आधी हाक मारेल, आठ दिवस त्याच्या घरी. आबा म्हणाली तर नांदेड, अप्पा म्हणाली तर लातूर. काका म्हणाली तर कुणीच मध्ये बोलायचं नाही, मी ठरवीन."

"कबूल," मी म्हणालो.

"कबूल हाय," व्याही म्हणाले, आणि बायकोने फोनचा आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा व्याही फाटकाशी हजर होते. विहीणबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून ते एकटेच जीप घेऊन आले होते, पण तयारी चौघांची होती. एका हातात फुगा, दुसऱ्यात पिपाणी, खिशात खुळखुळा, आणि जीपमध्ये स्वतःच्या बागेतली आंब्यांची पेटी. पेटी पाहताच फाटकावरच्या रखवालदाराने बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून सांगितलं. मला तो माणूस फार भला वाटला.

"राहू द्या की पाव्हणं," व्याही मला म्हणाले, "आंबे काय पळून चाललेत व्हय? जाताना खाऊ." मग नातीपुढे उकिडवे बसून त्यांनी पिपाणी वाजवली आणि म्हणाले, "अप्पा म्हन."

"नको," नात म्हणाली. पिपाणी मात्र तिने घेतली.

आत गेल्यावर कळलं की तिथली निम्मी करमणूक पावणेदोन वर्षांच्या माणसासाठी नाहीच. प्रत्येक पाळण्यापाशी एक लाकडी विदूषक हात आडवा धरून उभा. त्याच्या हाताएवढी उंची असेल तर आत. आमची नात त्याच्या गुडघ्याला लागत होती. सिमेंटच्या हत्तीला ती घाबरली. झुकझुक गाडीत बसली आणि गाडी सुटायच्या आधी उतरली. मग तिला बागेतली सर्वांत सुंदर गोष्ट सापडली. कारंज्यामागे एक पाइप गळत होता. त्या थेंबाखाली बोट धरायचं, 'पापा' म्हणायचं, बोट काढायचं, 'गेला' म्हणायचं. हा खेळ पाऊण तास चालला. आम्ही चौघं मोठी माणसं त्या पाइपाभोवती उभे होतो आणि वर मोठ्या घसरगुंडीवरून अख्ख्या मराठवाड्याची पोरं किंचाळत खाली येत होती.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तिला लहान मुलांच्या हौदात घेऊन जा. पाण्यात रमेल."

हौदात उतरायला तिथलाच नायलॉनचा पोशाख सक्तीचा होता. व्याही धोतर सोडायला तयार नव्हते. मी मात्र शाळेत स्त्रीपार्ट केलेला माणूस, मला कसली लाज? काउंटरवरच्या बाईंनी माझ्या पोटाकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या मापाचं फक्त पिवळ्यात आहे."

मी तो पिवळाधमक शर्ट चढवला. पोटावर इतका ताठ बसला की श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता. वर हिरवी टोपी, तीही सक्तीची. बाहेर आलो तर बायकोने तोंडाला पदर लावला. "काय दिसायलात हो," एवढंच म्हणाली आणि खांद्याने हसत राहिली.

आणि नातीने मला पाहिलं. डोळे मोठे झाले. पिपाणी हातातून पडली. दोन्ही हात माझ्याकडे करून ती ओरडली, "आबा!"

पाइप गळायचाही थांबला असावा.

"बाबा म्हनली," व्याही घाईने म्हणाले. "बाबा आन् आबा सारखंच ऐकू येतंय. पुन्हा म्हनू द्या."

"आबा! आबा! आबा!" नात उड्या मारत म्हणाली.

त्यानंतर मी जे केलं ते वयाला शोभणारं नव्हतं. गुडघाभर पाण्यात नातीला खांद्यावर घेऊन मी तीन फेऱ्या मारल्या. अनोळखी लोकांना सांगितलं. सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, व्याह्यांना आग्रह करून दोन. दुकानात फोन करून माझ्या नोकरालाही कळवलं. व्याही बिचारे बाकावर बसून म्हणाले, "जिंकलात पाव्हणं. घेऊन जावा," आणि फुग्याची दोरी सोडून दिली.

जेवणाच्या वेळी मी अंग पुसून माझा पांढरा सदरा घातला आणि ऐटीत टेबलाशी आलो. नातीने मान वर केली.

"काका," ती म्हणाली.

सगळ्यांचे घास हातात राहिले. "झोप आलीय तिला," मी घाईने म्हणालो, "आणि मला जरा उकडतंय." तसाच मागे फिरलो, ओला पिवळा शर्ट पुन्हा अंगात घातला, टोपी ओढली, परत आलो.

"आबा!"

झालं. उरलेला अख्खा दिवस मी त्या शर्टातून बाहेर आलो नाही. मे महिन्याच्या उन्हात नायलॉन वाळून अंगाला पापडासारखं चिकटलं. मानेला घामोळं उठलं. सावलीतल्या कोरड्या माणसांत मी एकटाच पोहायच्या वेशात हिंडत होतो.

"अहो, काय करून राहिलात?" बायको कानाशी येऊन म्हणाली. "बदला की ते."

"हाव, बदलतो," मी म्हणायचो आणि पुढच्या पाळण्याकडे सटकायचो. मला वाटलं, पोरीने मला या शर्टावरून ओळखायचं ठरवलं आहे, एवढंच. आठ दिवसांत इतर रंगांची सवय लावता येईल.

निघायची वेळ झाली तेव्हा नात रडायला लागली. साधं रडणं नव्हे. लेकीने दूध दिलं, फेकलं. बायकोने बिस्कीट दिलं, तेही गेलं. व्याह्यांनी कोंबड्याचा, बकरीचा आणि शेवटी ट्रॅक्टरचा आवाज काढला. ती एकच शब्द घोकत होती. "आबा, आबा, आबा." आणि हात माझ्याकडे.

"बघा, किती जीव लावला एका दिवसात," बायको गहिवरून म्हणाली.

मी तिला उचलून छातीशी घेतलं. ती क्षणभर शांत झाली. दोन्ही हातांनी माझा खांदा धरला, नीट वास घेतला आणि कडकडून चावली.

मग मान मागे घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. इतकी निराश झालेली व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही. ओठ पुसत ती पहिल्यापेक्षा दुप्पट रडायला लागली.

आजोबाला कुणी चव घेऊन बघत नाही. मी स्वतःकडे खाली बघितलं. गोल, पिवळाधमक, वर हिरवं देठ. पोरीला माझा लळा लागला नव्हता, तिला भूक लागली होती.

हे मला एकट्याला कळलं होतं. गप्प राहिलो असतो तर ती रडत रडत आमच्या गाडीत बसली असती, वाटेत झोपली असती, आणि आठ दिवस माझे होते. किती वेळ गप्प राहिलो ते मी सांगणार नाही. बायकोला मागाहून सांगितलंय, तिलाही विचारू नका.

"व्याहीबुवा," मी शेवटी म्हणालो, "जीपमधल्या पेटीतला एक आंबा आणा."

"आता? कशाला?"

"ती मला बोलवत नाहीये. आंबा मागतीये सकाळपासून."

आधी कुणाला काही कळेना. मग लेकीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! पाळणाघरात तक्ता आहे भिंतीवर. आ आंब्याचा. घरी कधी म्हणाली नाही, मागायच्या आधीच देते ना मी."

व्याह्यांना हसू आवरेना. धोतराचा सोगा सावरत ते जीपकडे धावले. "मी म्हनतो, पाव्हन्याला बघून मला सकाळपासनं बागंची आठवन का यायलीय!"

फाटकाबाहेर रखवालदाराने स्वतःची खुर्ची दिली. मी आंबा मऊ करून देठ काढला आणि तिच्या तोंडाशी धरला. दोन्ही हात माझ्या मनगटाला लावून, डोळे मिटून तिने तो चोखला. रस कोपरापर्यंत ओघळला. रडणं कुठल्या कुठे गेलं.

"आता निकाल," व्याही म्हणाले. "आंबा कुनाच्या बागंतला? माझ्या. म्हंजी हाक मलाच मारली."

"हे काहीही हं," मी म्हणालो.

"आंब्याला आवाज दिला तर मालकानं ओ द्यायची, बरुबर का न्हाई सूनबाई?"

लेक हसून हसून खाली बसली होती. तिने लातूरच्या बाजूने निकाल दिला. मी काउंटरवर जाऊन पिवळा शर्ट आणि हिरवी टोपी परत केली, सदरा घातला, आणि आलो तेव्हा सामान जीपमध्ये चढत होतं.

व्याह्यांनी मला जरा बाजूला घेतलं. त्यांचा आवाज हळू असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "पाव्हणं, चला की तुमीबी. मला साखर हाय. डॉक्टरनं आंबा बंद केलाय. पोरीला भरवायला बसलो तर निम्मा मीच खाईन, आन् तुमच्या विहीणबाई घरात घेनार न्हाईत मला."

"लेकीच्या सासरी आठ दिवस?" बायको मध्येच म्हणाली. "लोक काय म्हणतील? आणि अंगावरच्या कपड्यांनिशी?"

"लोक काय आंबा भरवायला येत्यात व्हय विहीणबाई? आन् कपड्याचं काय, माझी धोतरं हाईत की."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आधीच जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला होता.

"जा, गाडी मी नेते घरी," ती म्हणाली, "आणि तिथं तरी नीट वागा."

लेकीने नातीला माझ्या मांडीवर ठेवलं, डायपरची पिशवी माझ्या पायाशी सरकवली आणि दार लावता लावता म्हणाली, "बाबा, मागेच बसायचं. आणि आंब्याचे हात सासऱ्यांच्या सीटला पुसायचे नाहीत."