ऑटो काढायला सांगणारे वामननाना

मोटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला वामननाना आधी बसायला सांगत, पाण्याचा तांब्या पुढे करत आणि मग विचारत, "ऑटो हाय का?" डॉक्टर दारूचं विचारतो त्या सुरातला हा प्रश्न असे आणि उत्तरही तसंच मिळे. "नाय नाना, कधीच काढला." नाना मोटर उघडत, आतल्या काळ्या पडलेल्या तारांकडे पाहत आणि म्हणत, "तुमी काढला. पण हिला कोणी सांगितलेलं दिसत नाय." मग ती मोटर रांगेत सगळ्यात शेवटी जाई.

निफाडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायची, हा धंदा. त्यांचं गाव तिथून जवळच, गोदाकाठी. थोडी द्राक्षबाग होती, ती भाऊ पाहत असे. जळालेल्या रोहित्राची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, एक बातमी करताना त्यांची माझी ओळख झाली. रोहित्र हा शब्द त्यांना आवडत नसे. "डीपी म्हणा. रोहित्र म्हटलं की कोणी तरी देवमाणूस वारल्यासारखं वाटतं."

ऑटो म्हणजे विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवायचा एक छोटा डबा. गेलेली वीज परत आली की तो मोटर आपोआप सुरू करतो. शेतकऱ्याला विहिरीवर जावं लागत नाही. पण सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की डीपीला ते झेपत नाही. ती जळते आणि पुढचे काही आठवडे कोणालाच पाणी नाही. हे गोदाकाठच्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही प्रत्येकाच्या पेटीत ऑटो आहे, कारण आपण काढला आणि शेजाऱ्याने ठेवला, तर पाणी शेजाऱ्याचं आणि डीपी मात्र तरीही जळायचीच.

"एकानं काढून काय होतंय, नाना?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की समोरच्याने तोंड उघडलं की ते स्वतःच म्हणून टाकत.

गिऱ्हाइकं चेष्टा करत. "सगळ्यांनी ऑटो काढले तर तुमची चूल कशावर पेटायची?"

"पेटंल कशावर बी. आत्ता तुमच्या बागंवर पेटती, तो घास गोड लागत नाय."

डीपी जळाली की गावातली चार माणसं वीज कंपनीच्या कार्यालयात जात. नाना त्यात असतच. तिथल्या तरुण अभियंत्याला ते 'साहेब' म्हणत, तो त्यांना 'काका'. एकदा माझ्यासमोरच त्यांचं बोलणं झालं.

"काका, यार्डात बघा," अभियंता म्हणाला. "जळालेल्या डीप्या ओळीनं पडल्यात. दुरुस्तीचं तेल नाही. नवी मागितली की वरून विचारतात, त्या गावाची वसुली किती? कंपनी वीज विकत घेते. जमा होतं त्यात तेवढंही भागत नाही, तर डीपी कशातून येणार?"

"आणि लोक म्हणतात, दाब नाय, येळ नाय, आठवडाभर रातची लाईट. भरायचं कशाचं?"

"त्यांचंही खरंच आहे."

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "दोघंबी खरं बोलत्यात. एक जरी खोटा असता, तरी मिटलं असतं."

वरून पैसे येणार नाहीत, हे त्यांनी त्या दिवशी मान्य केलं. आहे ती डीपी जगवायची, एवढंच हातात उरलं होतं. त्यांच्या डीपीवरची सगळी माणसं गावातलीच होती. दसऱ्याआधी त्यांनी सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. वाद पुष्कळ झाला. रामनाथ नावाचे मोठे बागायतदार होते, त्यांनी सरळ सांगितलं, "आधी बाकीच्यांनी काढा. मी शेवटचा."

"सगळेच शेवटचे व्हाया बसलेत, रामनाथभाऊ. पहिला कोणाला आणायचा? नाशिकहून?"

लोक हसले. रामनाथही हसले आणि तिथे गाठ सुटली. एकाच दिवशी सगळ्यांनी आपापले ऑटो काढायचे, ते एका गोणीत भरायचे आणि गोणी देवळातच ठेवायची, असं ठरलं. प्रत्येकाने भंडारा उचलून शब्द दिला. भंडारा उचलून दिलेला शब्द मोडणं गोदाकाठी अजून सोपं नाही. वीज आली की आधी डीपीजवळच्या विहिरी सुरू व्हायच्या, थोड्या वेळाने पलीकडच्या. वीज फक्त रात्री असते त्या रात्रपाळीच्या आठवड्यात माणसांनी जोडीने फिरायचं आणि ज्याला जमत नाही त्याचीही मोटर सुरू करून द्यायची.

ते चाललं. दिवाळी गेली, संक्रांत आली, डीपी जळाली नाही. शेवटच्या खांबापर्यंत दाब पोहोचू लागला. नानांच्या दुकानात त्यांच्या गावची मोटर येईनाशी झाली. मी बातमी करायची म्हटली तर ते म्हणाले, "थांबा. नवरदेव वेशीपातूर आलाय, अजून लग्न लागलं नाय."

शेवटच्या खांबावर सिंधूबाईंची विहीर होती. नवरा वारलेला, घरात त्या आणि सासू. सगळं घर त्या बागेवर. विहिरीला तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांचा ऊस. रात्री त्यांची मोटर सुरू करायचं काम रामनाथांच्या जोडीकडे होतं. जानेवारीत त्या उसात बिबट्याने एक कुत्रं ओढून नेलं. त्यानंतर जोडी तिकडे फिरकेना. रामनाथ रोज सांगत, "वहिनी, आज येतो." बाग मण्यात पाणी भरायच्या वेळेला आलेली. रात्रपाळीच्या आठवड्यातले पहिले दिवस कोरडे गेले.

सिंधूबाई दुकानात आल्या. पुढचं बोलणं नानांनीच मला सांगितलं आणि सांगण्याआधी अट घातली, "मी हाय तोवर छापायचं नाय."

"नाना, मला एक ऑटो बसवून द्या."

"भंडारा उचलला हाय तुमी."

"उचलला. दिवसा लाईट आना, आजच शब्द पाळते. नायतर तुमी या रातचं माझ्या हिरीवर, मी कंदील धरते."

नानांचा डावा गुडघा गेलेला होता. त्यांनी कपाटातून नवा ऑटो काढला, भावाची मोटरसायकल मागवली आणि दुपारीच जाऊन तो त्यांच्या पेटीत बसवला. येताना स्वतःला काय समजावलं, तेही त्यांनी सांगितलं. एका मोटरीनं डीपी जळत नाही. हिशेबानं ते बरोबरच होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी वीज आली. माणसं अजून वाटेवरच होती आणि उसापलीकडे एक मोटर सुरू झाली. सगळ्यांनी ऐकली. कोणाची ते मात्र कळलं नाही, कारण उसात आवाजाची दिशा लागत नाही. हा म्हणाला त्याची, तो म्हणाला ह्याची. कोणाची आहे हे कळलं असतं, तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. कळलं नाही म्हणून प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याची धरली. सकाळी देवळातल्या गोणीतून दोन ऑटो गेले. आठवड्याच्या आत गोणी रिकामी झाली. पुढच्या रात्रपाळीत डीपी जळाली.

पुन्हा देवळात बैठक झाली. या वेळी बोलावलं रामनाथांनी. पहिला कोण, एवढाच प्रश्न होता. सिंधूबाई बायकांमध्ये मागे बसल्या होत्या.

नाना म्हणाले, "पयला ऑटो मी बसवला."

"कोणाच्या पेटीत?"

"बसवणारा हात माझा. पेटीचं विचारू नका."

मग रामनाथ म्हणाले, "बरोबर. मोटरी जळाल्याशिवाय तुमचं दुकान कसं चालायचं?"

नानांनी त्याला उत्तर दिलं नाही. आयुष्यभर प्रत्येक टोमण्याला त्यांच्याकडे उत्तर होतं. ते नंतर मला म्हणाले, "नाव सांगितलं असतं तर बाईला गावानं उभं जाळलं असतं. अन सांगून डीपी येणार होती थोडीच."

डीपी यायला बाग संपेपर्यंतचा वेळ लागला. मोठ्या बागायतदारांनी टँकर लावले. ज्यांना ते शक्य नव्हतं, त्यांचे मणी सुकून मिरीएवढे राहिले. सिंधूबाईंनी बाग तोडली आणि त्या दुसऱ्यांच्या बागेत थिनिंगच्या, म्हणजे फुटवे विरळायच्या, मजुरीला जाऊ लागल्या. कधी तरी ती बाग रामनाथांचीही असे. नानांच्या गावची माणसं जळालेल्या मोटरी आता पिंपळगावला नेऊ लागली. दुकानात बाकीच्या गावांचं काम भरपूर होतं. नाना ते मुकाट्याने करत. ऑटोचं विचारणं त्यांनी बंद केलं. मी एकदा कारण विचारलं. "विचारायचं तोंड कुठं ठिवलंय मी?" म्हणाले आणि तार गुंडाळत राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा लोकांना एकत्र करून पाहणार का, यावर त्यांनी मान हलवली. "एकदा मोडलेला भंडारा दुसऱ्यांदा कोणी उचलत नाय. उचलला तरी खरा नसतो."

पावसाळ्यात एका दुपारी दुकानातच त्यांच्या छातीत दुखू लागलं. नाशिकला नेताना ते गेले.

दशक्रियेला गोदेच्या घाटावर गाव जमलं. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. तालुक्याचे एक पुढारी बोलले. वामननाना म्हणजे गावाचा प्रकाश, असं ते म्हणाले. त्यांच्या स्मरणार्थ या गावाला जास्त ताकदीची डीपी मिळवून देण्याचं आश्वासनही त्यांनी दिलं. पैसे कुठून येणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. अभियंता मागे उभा होता, तो खाली पाहत होता. मग रामनाथ बोलले. झालं गेलं गंगेला मिळालं, नाना माणूस दिलदार होता, असं म्हणून त्यांनी हात जोडले.

ते खाली बसायच्या आत बायकांमधून सिंधूबाई उठल्या. माईक मागितला नाही. म्हणाल्या, "तो ऑटो माझ्या पेटीत होता. मीच बसवून घेतला. नानांचं नाव उगीच झालं."

काही तरी होईल, असं वाटलं. रामनाथ वळले आणि सावकाश, अजिबात राग न आणता म्हणाले, "बसा वहिनी. आता त्याचं काय? सगळ्यांच्याच पेटीत हायेत."

दोन-चार माना हलल्या. सिंधूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग बसल्या. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गुरुजींनी विधी पुढे चालू केला.

तेवढ्यात वीज आली. नदीच्या दोन्ही अंगांनी, मळ्यामळ्यातून, सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्याचा आवाज घाटावर आला. कोणी उठलं नाही. उठायची कोणाला गरजच नव्हती.