तिचा नंबर

लोणंदच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो. दोघींचंही पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, दोघींनाही नववा लागलेला. तिचं नाव मी विचारलं नाही. पदराचं टोक दातांत धरून ती पोटावरच्या जुन्या टाक्यांवरून सारखा अंगठा फिरवत होती.

डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला तिला सांगितलं होतं, नॉर्मल व्हायचं असेल तर साताऱ्याला जाऊन राहा, कळांत आतले टाके उसवले तर लगेच ऑपरेशन लागेल. नाहीतर इथंच सिझर. आज ठरवून सांगायचं होतं. पण दिवाळी झाली की घरची सगळी माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरणार होती. साताऱ्यात तिच्यापाशी थांबायला माणूस नव्हतं, आणि सिझर झालेल्या बाईला वाटेत ओझं उचलता येत नाही.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"ताई, मेंढी अडली तर मीच हात घालून कोकरू काढती," ती फरशीकडं बघत म्हणाली. "पर एकदा आतनं फाटल्याली मेंढी आमी परत गाभण ठेवत न्हाई. बाजारात इकतो." मग अंगठा थांबला. "मालक म्हनत्यात, घरीच बघू."

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. तिनं नंबराची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "तुमी जावा," म्हणाली, आणि कठडा धरून पायऱ्या उतरली. मी तिला थांबवलं नाही.

तिच्या नंबरावर मी आत गेले. डॉक्टरबाईंनी मान वर न करताच विचारलं, "मग, काय ठरलं?"