मित्राची गेममधली मैत्रीण

तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी दुपारी, महागावच्या आमच्या घरी मी कपडे वाळत घालत होते. माझी बारा वर्षांची मुलगी मित्रा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, माहा फोन घेणार नसशीन तं एक सांगू?"

यंदाही कापसात बोंडअळी. तिचे बाबा आणि मी, दोघांचं चित्त शेतातच. मित्रा फोनवर एक गेम खेळते, त्यात मुलं घरं बांधतात, एकमेकांच्या घरी जातात, गप्पा मारतात... मला एवढंच माहीत होतं.

तिथं तिला एक मैत्रीण मिळाली होती. तेरा वर्षांची, यवतमाळची. महिनाभर दोघी रोज घर सजवत होत्या. मग मैत्रिणीनं शाळेचं नाव विचारलं, युनिफॉर्ममधला फोटो मागितला. आणि आता लिहिलं होतं, सोमवारी यवतमाळच्या बस स्टँडवर एकटी ये, घरी सांगू नको.

"मी म्हटलं आवाज ऐकव, तं माइक खराब आहे म्हणते. रोजच खराब राह्यते काय?"

हातातला ओला कपडा मी बादलीत टाकला. फोटो पाठवला का, विचारलं. नाही म्हणाली. शाळा?

मित्रानं मान खाली घातली. "सांगितली... पण खोटी. पुसदची सांगितली."

मी तिथंच ओट्यावर बसले. गेम उडवून टाकावा म्हणून फोन हातात घेतला होता, पण आधी कोणाला तरी दाखवू असं वाटलं. तासाभरात आम्ही दोघी यवतमाळच्या एसटीत होतो.

सायबर पोलिसांकडे एक महिला हवालदार भेटल्या. म्हणाल्या, "डिलीट नाही केलं ते बरं केलं. हे सगळं पुरावा आहे." मग मित्राकडे वळल्या, "तुयं काहीच चुकलं नाही, बाई."

मित्रानं गेममध्ये स्वतःचं वय अठरा टाकलेलं निघालं. खरं टाकलं तर चॅट उघडत नाही म्हणे. वय विचारतात, पण खरं की खोटं हे कोणी पाहतच नाही... त्या मैत्रिणीचंही कोणी पाहिलं नव्हतं.

काल हवालदार मॅडमचा फोन आला. त्या खात्यामागे चाळिशीचा माणूस होता, आता पोलिसांच्या ताब्यात आहे. आणखी दोन मुलींना तो असंच बोलावत होता. दोघीही आपापल्या घरी सुखरूप आहेत.

फोन ठेवला आणि मी पोटभर रडले. मित्रा पाणी घेऊन आली.

मित्राचा फोन मी काढून घेतला नाही. तिचं खरं वय टाकलं, अनोळखी लोकांशी बोलणं बंद केलं आणि त्या गेममध्ये माझंही खातं काढलं. मला अजून तिथलं दार उघडता येत नाही... मी बाहेर उभी राहते, मित्रा आतून येते आणि मला घरात घेते.